ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय : एक व्यवहारविचार

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील खजुरी हे कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या सीमेलगतचे गाव होय. हा सारा मुलूख तुरीचा. गुलबर्गा तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले, हे व्यापारी बंधूंस ठाऊकच आहे. अशा सीमाभागातील पेढ्यांवरही लाल वहीच्या शेजारी आता संगणक येऊन बसला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बिले, विवरणपत्रे व खतावणी यांचा भार त्याच्यावर पडला. कित्येक ठिकाणी त्याच संगणकावर घरातील तरुण मंडळी लग्नाच्या चित्रफिती जुळवितात, पत्रिका व फलक यांचे आराखडे करतात. हे काम वाढले म्हणजे नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा प्रश्न निघतो. कार्डाची किंमत दहा दुकानांत विचारली जाते. परंतु त्यास वीज पुरविणाऱ्या पेटीचा, म्हणजे पॉवर सप्लायचा, विचार बहुधा शेवटी होतो. तो आधी का व्हावा, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

घरात येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलणे, हे या पेटीचे कार्य. ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांची गरज मुख्यतः १२ व्होल्टवर भागते. म्हणून वर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा पाहून सौदा करू नये; बाजूच्या चिठ्ठीवरील १२ व्होल्टचा रकाना वाचावा. समजा, एका पेटीवर ४५० वॅट लिहिले आहे, पण त्या रकान्यात १६ अँपिअर आहेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्डाच्या दृष्टीने खरे माप एवढेच. दुसऱ्या ५५० वॅटच्या पेटीवर ४५ अँपिअर असतील, तर १२ व्होल्टवर ५४० वॅट हाती येतात. वजन पारखून घेणाऱ्यास हा भेद अधिक सांगावयास नको.

आता एका संगणकाचा जमाखर्च मांडू. आरटीएक्स ३०६० या कार्डास १७० वॅट लागतात. कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर भरात असता ११७ वॅटपर्यंत घेतो. डिस्क, पंखे इत्यादींस सुमारे ५० वॅट धरावे. बेरीज ३३७ होते. तथापि कार्डाचा निर्माता ५५० वॅटची पेटी सुचवितो, आणि ते योग्यच आहे. कारण कार्ड क्षणमात्र आपल्या नेहमीच्या मागणीहून पुष्कळ अधिक वीज ओढते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात तर मोठ्या पेट्यांनी १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, अशी अट घातली गेली. पेटी तोकडी असल्यास नेमक्या अशा क्षणी संगणक बंद पडतो आणि चालू काम वाया जाते.

जोडणीचेही हिशेब आहेत. मदरबोर्डाच्या खाचेतून ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडातून ७५ व आठ पिनांच्या जोडातून १५० वॅट घ्यावेत, असा दंडक आहे. कार्डास दोन जोड लागत असतील, तर दोन स्वतंत्र वायरी लावाव्यात. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डाचे नवे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा जोड पुरता न बसणे हे एक कारण निर्मात्याने सांगितले होते. तेव्हा जोड शेवटपर्यंत दाबून बसला की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

कलबुर्गी भागात वीजवितरण जेस्कॉमकडे आहे. लांब वाहिनीच्या टोकाशी, शेतीपंप चालू असता, दाब उतरतो, हा खेड्यापाड्यांतील सामान्य अनुभव. म्हणून १०० ते २४० व्होल्ट स्वीकारणारी पेटी घ्यावी. केवळ २०० ते २४० लिहिलेली टाळावी. अर्थिंग चोख असावे. यूपीएसवरील ६०० व्हीए या आकड्यानेही फसू नये. अशा यूपीएसची खरी शक्ती बहुधा ३६० वॅट असते. वरील संगणक पूर्ण भारावर, पेटीतील घट धरून, भिंतीतून ३९० वॅटच्या आसपास घेईल. म्हणजे तो यूपीएस अपुराच.

ज्यांस एवढा खर्च नको, त्यांनी जीटीएक्स १६५० सारखे ७५ वॅटचे कार्ड पाहावे. त्याच्या कित्येक नमुन्यांस वेगळा जोड लागत नाही, आणि ३०० वॅटची चांगली पेटी पुरते. परंतु मोठे कार्ड घेऊन हलक्या पेटीवर दोन हजार वाचविणे हा व्यवहार आतबट्ट्याचा होय. संरक्षण नसलेली पेटी जळताना मदरबोर्ड व डिस्क यांसही सोबत नेऊ शकते. कार्ड पुन्हा विकत मिळेल, पण डिस्कवरील वर्षाची खतावणी व गिऱ्हाइकाच्या लग्नाची चित्रफीत मिळणार नाही. यास्तव खरेदीस जाताना कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे वॅट व लागणारे जोड कागदावर मांडून न्यावेत, दुकानदाराकडून पेटीची चिठ्ठी दाखवून घ्यावी, आणि जुनी पेटी काढण्यापूर्वी हिशेबाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, अशी सर्व बंधूंस विनंती आहे.