शिफारसपत्र कोणाचे?

अमेरिकेत वाढलेल्या आपल्या भाचे-पुतण्यांपैकी कोणाचा वैद्यकीय प्रवेश हुकला, की दुसऱ्या अर्जासोबत कोणती शिफारसपत्रे जोडावीत, हा प्रश्न उभा राहतो. तेथील ‘ॲमकास’ ही सामाईक अर्जव्यवस्था गतवर्षीची पत्रे राखून ठेवत नाही. नव्याने १० पर्यंत पत्रे नोंदवता येतात. कोणत्या महाविद्यालयास कोणते धाडावे, हे अर्जदार ठरवतो. विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रे बहुतेक ठिकाणी लागतात; ती नव्या तारखेने, सुधारून घ्यावीत. मधल्या वर्षातील काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे एक पत्र मात्र नवेच हवे. अर्जदारात काय बदलले, हे तेच सांगते. नामवंत काकांच्या कोरड्या स्तुतीला फारसे वजन नसते. म्हणून आप्तांनी पत्र मागितल्यास आपण स्वतःस विचारावे : या मुलाचे काम आपण पाहिले आहे काय? नसल्यास प्रेमाने नकार द्यावा. त्यातच त्याचे हित आहे.