मायक्रोफोनसाठी लिहिलेला खटला

रुडॉल्फ स्लान्स्की हे चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. २० नोव्हेंबर १९५२ रोजी प्रागच्या न्यायालयात त्यांच्यासह १४ आरोपी देशद्रोहाच्या आरोपाखाली उभे राहिले. पक्षाने आपल्याच नेत्यांवर भरलेला हा खटला आठवडाभर रेडिओवरून घराघरांत आणि कारखान्यांत ऐकवला गेला. ‘रुडे प्राव्हो’ हे पक्षाचे दैनिक जबान्या सविस्तर छापत होते.

त्या जबान्या खऱ्या अर्थाने आरोपींच्या नव्हत्याच. महिनोन् महिने झोपू न देता चौकशी करायची, कुटुंबाचे बरेवाईट करण्याच्या धमक्या द्यायच्या आणि माणूस मोडला की सोव्हिएत सल्लागारांच्या देखरेखीखाली प्रश्नोत्तरे लिहून त्याच्याकडून पाठ करून घ्यायची, अशी ही पद्धत होती. तिच्यातून गेलेल्या आर्टुर लंडन या आरोपींपैकी एकाने पुढे तिचे तपशीलवार वर्णन लिहिले.

एवढ्या काटेकोर तालमीला आधीच्या अनुभवाचे कारण होते. १९५० मध्ये मिलादा होराकोव्हा या माजी खासदार बाईंवर असाच खटला चालला. नाझींचा तुरुंग भोगून आलेल्या या बाई सरकारी वकिलांपुढे नमल्या नाहीत. जनतेपर्यंत मात्र निवडक भागच पोचला. फाशीची मागणी करणारे हजारो ठराव देशभरातून आले. अल्बर्ट आइनस्टाइन यांच्यासारख्यांनी दयेची विनंती करूनही २७ जूनला होराकोव्हा यांना फाशी दिले गेले.

स्लान्स्की खटल्यात प्रचाराला आणखी विखारी धार आली. १४ पैकी ११ आरोपी ज्यू वंशाचे होते आणि आरोपपत्रात तसा मुद्दाम उल्लेख होता. लंडन यांच्या पत्नीने नवऱ्याचा कबुलीजबाब रेडिओवर ऐकला, तो खरा मानला आणि त्याच्याशी संबंध तोडल्याचे पत्र लिहिले. दुसरे आरोपी ल्युदविक फ्रेयका यांच्या किशोरवयीन मुलाचे, वडिलांना मृत्युदंड द्या असे मागणारे पत्र तर वृत्तपत्रात छापले गेले. एखाद्या घरावर याहून क्रूर आघात कल्पिता येत नाही. ३ डिसेंबरला ११ जणांना फाशी झाली. लंडन यांच्यासह तिघांना जन्मठेप. १९६३ मध्ये न्यायालयाने हे निकाल रद्द केले.

लंडन यांच्या पुस्तकावरून कोस्टा-गाव्रास यांनी १९७० मध्ये चित्रपट काढला. खुद्द न्यायालयात सरकारने केलेले चित्रीकरण मात्र प्रदर्शित झालेच नव्हते. त्याची रिळे २०१८ मध्ये प्रागजवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात सापडली. रेडिओने केवळ ऐकवलेली ती माणसे आता दिसतात: एका सुरात, पाठ केलेली वाक्ये म्हणणारी.