दगडाच्या जहाजावर जन्मलेली माणसं

इंग्लंडमध्ये घराण्याची पाळंमुळं शोधणाऱ्यांना 1851 ची जनगणना फार जवळची वाटते. त्याआधी, 1841 साली, माणूस राहत्या परगण्यात जन्मला की नाही एवढंच विचारलं गेलं होतं. 1851 मध्ये मात्र जन्मगावाचा रकाना आला. चॅटम, पोर्ट्समथ, प्लिमथ या आरमारी गावांचे तक्ते चाळताना त्या रकान्यात मधूनच एक शब्द उभा राहतो: ॲसेन्शन. घर साधंच असतं. बाप मरीन, म्हणजे आरमाराचा शिपाई, थोरला मुलगा गावातच जन्मलेला, धाकटीही गावातलीच. मधल्या दोन भावंडांपुढे मात्र दक्षिण अटलांटिकमधल्या एका बेटाचं नाव. आपली खापरपणजी जन्मायला तिथे कशी पोहोचली, हा प्रश्न पडला की शोध सुरू होतो.

तो शोध जातो नेपोलियनपर्यंत. ऑक्टोबर 1815 मध्ये त्याला सेंट हेलेना बेटावर बंदिवान म्हणून आणलं गेलं. तिथून वायव्येला सुमारे 1,300 किलोमीटरवर ॲसेन्शन ओसाड पडलेलं होतं. ज्वालामुखीच्या राखेचं, जेमतेम 88 चौरस किलोमीटरचं. तिथून कुणी फ्रेंच तुकडी नेपोलियनला सोडवायला निघेल, या धास्तीने 22 ऑक्टोबर 1815 रोजी ब्रिटिश आरमाराने बेटाचा ताबा घेतला.

ताब्यात घेतलं खरं, पण दफ्तरात त्याला म्हणायचं काय? वसाहत म्हणावी तर रयत नाही, किल्ला म्हणावा तर लष्कर नाही. आरमाराला हिशेब ठेवता येत होता तो जहाजांचा. म्हणून बेटाची नोंदच लहान युद्धनौका अशी झाली: एचएमएस ॲसेन्शन. शिधा, पगार, हजेरी सगळं जहाजावरच्यासारखं. समुद्रात जन्मलेलं मूल लंडनच्या स्टेपनी पॅरिशचं, अशी इंग्लिश खलाशांची जुनी समजूत होती. दगडाच्या या जहाजावर जन्मलेल्या मुलांचं गाव कुठलं, याचं उत्तर त्यांच्या वंशजांना अजून शोधावं लागतं.

1821 मध्ये नेपोलियन वारला. तळ मात्र उठला नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांची जहाजं पकडणाऱ्या ब्रिटिश ताफ्याला धान्य, पाणी आणि आजाऱ्यांसाठी निवारा हवा होता. 1823 मध्ये बेट रॉयल मरीन्सच्या हाती आलं, काही शिपायांची कुटुंबंही आली आणि दगडाच्या जहाजावर पाळणे हलू लागले. गॅरिसन म्हणून ओळखली जाणारी वस्ती 1829 मध्ये राजा चौथ्या जॉर्जच्या नावाने जॉर्जटाउन झाली.

संसार होता तो पाण्याच्या मापावर. किनाऱ्यावर लाव्हाचे खडक, आणि ओलावा काय तो 859 मीटर उंचीच्या ग्रीन माउंटनवर. 1829 मध्ये कॅप्टन ब्रँडरेथ या इंजिनिअरने पाहणी केली. पुढे डोंगर पोखरून साठवलेलं पाणी नळाने खाली गॅरिसनपर्यंत आणलं गेलं. जुलै 1836 मध्ये बीगल जहाजातून आलेल्या चार्ल्स डार्विनला डोंगरवाटेवर मैलाचे दगड आणि तहानलेल्यांसाठी ठेवलेलं पाणी दिसलं. 1843 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आला. त्याच्या सल्ल्याने डोंगरावर झाडं लावायचं ठरलं आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानातून रोपं रवाना होऊ लागली.

आज ॲसेन्शनची माणसं शोधणारेही क्यूलाच जातात. ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार तिथे आहे. तिथे गेल्यावर कळतं, की बेटाच्या नावाने विचारून हाती फार थोडं लागतं. याउलट, मुंबईत जन्मलेल्या ब्रिटिश मुलाचा बाप्तिस्मा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या चर्च नोंदींत सापडतो. त्या वह्या ब्रिटिश लायब्ररीत एन-3 या खुणेखाली आहेत. म्हणजे मुंबईबाबत गाव माहीत असलं की वाट सापडते. ॲसेन्शनला आधी बाप सापडावा लागतो.

बाप मरीन असेल तर त्याचं डिव्हिजन, म्हणजे मूळ तळाची तुकडी, शोधायचं: चॅटम, पोर्ट्समथ, प्लिमथ किंवा 1869 मध्ये बंद झालेलं वुलिच. शिपायाच्या लष्करी कंपनीचा आकडा हाती आला तर त्यावरून डिव्हिजन ठरवता येतं. मग आरमारी कागदांच्या एडीएम 157 या मालिकेत भरतीचे कागद, 158 मध्ये उंची, रंग, जन्मगाव यांचं वर्णन, 159 मध्ये 1842 पासूनची सेवापुस्तकं. आणि मरीन कुटुंबांचे जन्म, विवाह, मृत्यू यांच्या वह्या, त्याही डिव्हिजनवार. सुमारे चार हजार मैलांवर जन्मलेली मुलगी अशी बापाच्या बराकीच्या वहीत भेटू शकते.

जहाजांचे हजेरीपट हा दुसरा रस्ता. इथे मुंबईचा धागा अचानक हाती येतो. 1784 मध्ये मुंबईच्या गोदीत, वाडिया मिस्त्रींच्या देखरेखीखाली, सर एडवर्ड ह्यूज नावाचं मोठं व्यापारी जहाज बांधलं गेलं. ईस्ट इंडिया कंपनीसाठी आठ सफरी करून ते 1806 मध्ये आरमाराकडे गेलं आणि टॉर्टॉइज या नावाने कोठारी जहाज झालं. 1840 च्या दशकात ते ॲसेन्शनला नांगरलं गेलं आणि त्याचा कप्तान हाच बेटाचा प्रमुख झाला. म्हणून त्या वर्षांतला खलाशी ॲसेन्शनखाली मिळाला नाही, तर शोधणारा टॉर्टॉइजचा पट उघडतो. मुंबईत घडलेलं ते जहाज पुढे त्याच बेटावर मोडीत निघालं.

तिसरा रस्ता चर्चचा. जॉर्जटाउनचं सेंट मेरी चर्च 1861 मध्ये विधिवत पवित्र करण्यात आलं, त्याला कारण दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेला सेंट हेलेनाचा धर्मप्रांत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई सापडते, आणि बापाचा हुद्दा कळला की पुन्हा आरमारी कागदांकडे वळता येतं.

मृत्यूच्या नोंदी वाचताना जीव कळवळतो. 1823 मध्ये बॅन जहाजाबरोबर ताप आला आणि छोट्या वस्तीत पसरला. 1838 मध्ये बोनेटा जहाजावर पिवळा ताप होता. आजारी खलाशांना वस्तीपासून दूर एका खाडीत उतरवलं, जेवण अंतरावर ठेवलं जाई. तिथे बोनेटाचं छोटं कबरस्तान आजही आहे. ती कम्फर्ट कोव्ह, म्हणजे दिलाशाची खाडी, लोकांच्या तोंडी कम्फर्टलेस, म्हणजे दिलासा नसलेली, झाली.

इथवर सगळं शिपायांचं आणि खलाशांचं. पण या तळावर राबणारे हात त्यांचेच नव्हते. लायबेरियाच्या किनाऱ्यावरचे क्रू लोक इथे मजुरी करत, होड्या वल्हवत. गुलामांच्या जहाजांतून सुटलेले आफ्रिकी लोक सरकारी पगारावर कामाला होते. डार्विनने तेही टिपून ठेवलं आहे. त्यांचीही नावं पटावर चढली, पण कशी? क्रू खलाशांना ब्रिटिश अधिकारी मनाला येईल ते नाव देत. ‘बॉटल ऑफ बिअर’, म्हणजे बिअरची बाटली, हेही एका माणसाचं नाव म्हणून सरकारी कागदावर आहे. चॅटमच्या शिपायाची पणती कंपनीच्या आकड्यावरून पणजोबापर्यंत पोहोचते. त्याच्याच शेजारी पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या माणसाच्या वंशजाने कोणत्या नावाने शोधायचं? पगार मिळाला, शिधा मिळाला, त्याची पोच आहे. आईबापांनी ठेवलेलं नाव मात्र कुणी विचारलं नाही. ॲसेन्शनच्या कागदांतली सर्वांत मोठी पोकळी ही आहे, आणि कोणतंही डिव्हिजन ती भरून काढत नाही.

1899 मध्ये समुद्राखालची तार आली आणि बेटाला दुसरा धनी मिळत गेला. 1922 मध्ये आरमाराने ते सोडलं, कारभार सेंट हेलेनाखाली गेला. आजही तिथे कायमचं राहण्याचा हक्क कुणालाच नाही. नोकरी आहे तोवर मुक्काम, नोकरी संपली की बोचकं आवरायचं. त्यामुळे पणजीच्या जन्माचा माग काढत बेटावर पोहोचलेल्याला भेटायला भाऊबंद नसतात.

भेटतात त्या वाटा. ग्रीन माउंटनच्या माथ्यावर मरीन्सनी 1875 च्या सुमारास खोदलेलं दवाचं तळं आहे, भोवती बांबूचं बन. सतराव्या-अठराव्या शतकात इथून जाणारी जहाजं पत्रं ठेवून जात आणि घराकडे निघालेलं दुसरं जहाज ती उचलून नेई. आता बेटावरच्या पायवाटांवर जागोजागी लेटरबॉक्स आहेत, आत वही आणि रबरी शिक्का. चढून आलेला माणूस घाम पुसतो, वहीत तारीख घालतो आणि आपलं नाव लिहितो.