प्रयोगशाळेतले मुके जीव

झरी हे परभणी–जिंतूर रस्त्यावरचे गाव. तेथे, किंवा मराठवाड्यातल्या अशा कोणत्याही गावात, भर पावसाळ्यात निंदणी करणाऱ्या बाईला घोणस चावली, तर घरची माणसे तिला घेऊन परभणीचा दवाखाना गाठतात. डॉक्टर शिरेतून औषध देतात. वेळेवर पोहोचले तर बाई बहुधा वाचते. हे औषध येते कोठून, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ते येते घोड्याच्या रक्तातून.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी थोडे थोडे, मात्रा वाढवीत, घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात या विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. मग ठराविक प्रमाणात रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात आणि शुद्ध करतात. मुंबईला परळ येथे १८९९ साली सुरू झालेली आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव चालवणारी संस्था या कामासाठी नावाजली गेली. औषध पुरेसे जोरकस आहे की नाही, याची परीक्षा पुढे उंदरांवर होते. विष आणि औषध एकत्र करून टोचतात आणि किती उंदीर जगले ते मोजतात. म्हणजे शेतातली एक बाई वाचते, तेव्हा तिच्यामागे घोडा आणि कितीतरी उंदीर उभे असतात. त्यांना कोणी विचारले होते काय?

एक पक्ष म्हणतो, माणसाचा जीव मोठा. जनावराचा एवढा विचार कशाला? त्याला विचारावे, की मग पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळद लावून का मळतो? दुसरा पक्ष म्हणतो, जीव तो जीव. सगळे प्रयोग बंद करा. त्याला विचारावे, की घोणस चावलेल्या त्या बाईला काय सांगायचे? दोन्ही पक्षांची एक सोय आहे. एकदा बाजू घेतली, की पुढे विचार करण्याचे कष्ट उरत नाहीत.

आधी एक भेद नीट समजून घेऊ. परभणीला १९७२ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. तुमचा लंगडणारा बैल तुम्ही तेथे नेलात आणि डॉक्टरांनी त्याला टोचले, तर ते झाले उपचार. त्यात दुखले तरी ते त्या बैलाच्याच भल्यासाठी. परंतु जनावराला जो त्रास होतो तो त्याच्या स्वतःसाठी नसून ज्ञानासाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी असतो, तेव्हा तो प्रयोग. आणि जेथे सोसणारा एक व लाभ घेणारा दुसरा, तेथे नीतीचा प्रश्न उभा राहतोच.

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याचे रूप मिळाले ते १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने. त्यामागे पन्नाशीच्या दशकात राज्यसभेत विधेयक मांडणाऱ्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची चिकाटी होती. या कायद्याने प्रयोग बंद केले नाहीत. नवे ज्ञान मिळवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी, रोग हटवण्यासाठी केलेला प्रयोग त्याने मान्य केला. पण अटी घातल्या. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी काम भागत असेल, तर विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी प्राणी वापरू नये. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. नुसता हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नये. शस्त्रक्रिया करायची तर भूल द्यावी.

याच सुमारास, १९५९ साली, रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली. आज जगभरच्या प्रयोगशाळा ती मानतात. प्राण्याऐवजी दुसरे साधन आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर कमीत कमी किती प्राण्यांत काम होईल, ते ठरवा. आणि जे घ्याल त्यांचे दुःख जेवढे कमी करता येईल तेवढे करा. ही सूत्रे कागदावरच राहिली असे मात्र नाही. पूर्वी एखादे द्रव्य किती विषारी, हे ठरवण्यासाठी निम्मे प्राणी मरतील ती मात्रा शोधत असत, आणि त्यात पुष्कळ उंदीर जात. त्या जुन्या पद्धतीची आंतरराष्ट्रीय मान्यता २००२ साली काढून घेण्यात आली. आता तेच काम थोड्या प्राण्यांत होते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातली चिरफाड आधी २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने कमी करायला आणि मग २०१४ मध्ये थांबवायला सांगितले. ज्या बेडकाचे हृदय हजारो वर्गांत हजारो वेळा पाहून झाले, ते पुन्हा उघडून नवे ज्ञान कोणते मिळणार होते? त्याच वर्षी सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणीही देशात बंद झाली.

आता एक गोष्ट अशी सांगतो, की जी तुमच्यामाझ्याशी थेट संबंधित आहे. १९९८ च्या नियमांपासून प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नैतिक समिती असावी लागते. प्रयोगाचा बेत आधी तिच्यापुढे मांडायचा. तिने हो म्हटल्याशिवाय पिंजऱ्याचे दार उघडायचे नाही. मोठ्या जनावरांचा प्रस्ताव तर पुढे केंद्रीय समितीकडे जातो. या समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ असतो, केंद्राचा प्रतिनिधी असतो. आणि एक सभासद असा असावा लागतो, की जो शास्त्रज्ञ नाही, पण ज्याला समाजाची जाण आहे.

हा शास्त्रज्ञ नसलेला माणूस तेथे कशाला, असे कोणी म्हणेल. मी स्वतः कलाशाखेचा. तेव्हा या प्रश्नाचा मी थोडा जास्त विचार केला आहे. शास्त्रज्ञाला आपला प्रयोग प्रिय असतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्यामुळे काही साधे प्रश्न त्याला सुचत नाहीत. चाळीस उंदीर का, वीस का नाहीत? हे आधी कोणी करून पाहिलेले नाही ना? जनावर दुखण्याने हैराण झाले, तर प्रयोग कोणत्या क्षणी थांबवणार, आणि ते ओळखणार कोण? या शेवटच्या प्रश्नात तर आपला शेतकरी कोणाला हार जाणार नाही. रवंथ थांबली, कान पडले, वैरणीला तोंड लावले नाही, एवढ्यावरून तो अंधारात गोठ्यात उभा राहून सांगतो, की याला काहीतरी होते आहे.

आणखी एक प्रश्न त्याच्या ओळखीचा आहे : काम संपल्यावर जनावराचे काय? भाकड गाय, थकलेला बैल यांचे ओझे ज्याने वाहिले आहे, त्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. नियम आता म्हणतात, की प्रयोगानंतरची देखभाल ही प्रयोग करणाराचीच जबाबदारी, आणि तिचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरावा. सोसवेनाशी वेदना असावी अशा ठराविक परिस्थितींतच सुखाने मरण द्यावे. गरज संपली म्हणून मारू नये.

कायदा कितीही चांगला असला, तरी सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या की तो निजतो. तेव्हा कधी काळी अशा समितीवर तुम्हाला बोलावणे आले, तर ‘मला शास्त्रातले काय कळते?’ म्हणून मागे सरू नका. जा, बसा, आणि जे समजले नाही ते पुन्हा विचारा. घोणस चावलेल्या बाईला औषध मिळालेच पाहिजे. पण त्यासाठी जेवढे सोसणे खरोखर आवश्यक आहे, त्याहून तसूभरही अधिक त्या घोड्याच्या वाट्याला येता कामा नये. आवश्यक किती, हे त्याला सांगता येत नाही. ते त्याच्यावतीने आपणच विचारायचे आहे.