प्लायवूडच्या मापनातील द्विपद्धती : फूट, सूत आणि मिलिमीटर

प्रास्ताविक

भारतात दशमान पद्धतीचा कायदेशीर स्वीकार मानक वजने व मापे अधिनियम, १९५६ अन्वये झाला. १९७६ चा अधिनियम आणि १ एप्रिल २०११ पासून अमलात आलेला वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ यांनी ही चौकट अधिक काटेकोर केली. २००९ च्या अधिनियमातील कलम ११ अन्वये प्रमाणित एककांखेरीज अन्य एककांत भाव सांगण्यास वा बीजक देण्यास मनाई आहे. असे असूनही व्यवहारात जमीन गुंठ्यात, वाळू ब्रासमध्ये आणि प्लायवूड चौरस फुटात विकले जाते. यांपैकी प्लायवूडचे उदाहरण अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. गुंठा व ब्रास ही सर्वस्वी जुन्या पद्धतीची मापे होत. प्लायवूडच्या एकाच तक्त्यावर मात्र दोन पद्धती एकत्र नांदतात. लांबी-रुंदी फुटात, जाडी मिलिमीटरमध्ये आणि सुताराच्या तोंडी तीच जाडी सुतात. या द्विपद्धतीत ग्राहकाचे नुकसान नेमके कोणत्या मापात होते, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. महाविद्यालयीन खरेदी समित्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांचा या प्रश्नाशी प्रत्यक्ष संबंध येतो.

लांबी-रुंदीचे माप

बाजारातील सर्वाधिक प्रचलित तक्ता 'आठ बाय चार' फुटांचा आहे. त्याचे मेट्रिक रूप २४४० × १२२० मिलिमीटर असे लिहिले जाते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे धरल्यास आठ फूट म्हणजे २४३८.४ आणि चार फूट म्हणजे १२१९.२ मिलिमीटर होतात. म्हणजेच येथे रूपांतर करताना आकडा किंचित वर नेला आहे आणि त्याचा लाभ, नाममात्र का होईना, ग्राहकाच्या पदरात पडतो. तक्ता २४०० × १२०० असा 'गोल' मेट्रिक मापाचा असेल आणि आकारणी ३२ चौरस फुटांची होत असेल, तर मात्र प्रत्यक्षात ३१ चौरस फूटच मिळतात. तथापि हा फरक फीत लावताच लक्षात येतो. सुतारही तो चटकन ओळखतो. त्यामुळे या मापात फसवणूक टिकत नाही.

जाडीचे माप

खरा प्रश्न जाडीचा आहे. सुतारकामात इंचाचे आठ सूत मानतात. म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. व्यवहारात मात्र 'एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर' असा सोपा हिशेब रूढ झाला आहे. त्यामुळे दोन सुती प्लाय ६ मिलिमीटर, चार सुती १२ मिलिमीटर आणि सहा सुती, म्हणजेच पाऊण इंची, १८ मिलिमीटर समजला जातो. वास्तविक ही मापे अनुक्रमे ६.३५, १२.७ आणि १९.०५ मिलिमीटर हवीत. तिन्ही ठिकाणी घट सारखीच, सुमारे साडेपाच टक्के आहे. लांबीच्या रूपांतरात आकडा वर गेला, जाडीच्या रूपांतरात तो खाली आला. यात कोणाचा कट आहे असे नव्हे. परंतु रूपांतराची सोय कोणाच्या बाजूने झुकली, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

साडेपाच टक्के ही घट किरकोळ वाटते. तथापि फळीची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता, म्हणजे ताठरता, जाडीच्या प्रमाणात नव्हे तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. परिणामी १९.०५ ऐवजी १८ मिलिमीटरची फळी वापरल्यास, इतर सर्व बाबी समान असताना, ताठरता सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. त्यात मानकाने मान्य केलेली तफावत मिळवावी लागते. आयएस ३०३ च्या १९८९ च्या आवृत्तीत ६ मिलिमीटर व त्याहून अधिक जाडीसाठी अधिक-उणे ५ टक्के तफावत ग्राह्य धरली आहे. म्हणजे १८ चा तक्ता १७.१ मिलिमीटर भरला तरी तो नियमात बसतो. (लांबी-रुंदीत मात्र उणी तफावत मुळीच मान्य नाही, ही बाब लक्षणीय आहे.) आणि जर १६ मिलिमीटरचा तक्ता 'सहा सुती' म्हणून गळ्यात मारला गेला, तर खऱ्या पाऊण इंची फळीच्या तुलनेत ताठरता सुमारे ५९ टक्केच उरते. ग्रंथालयातील पुस्तकांच्या भाराने मध्यभागी वाकलेल्या फळ्यांचे खापर आपण बहुधा लाकडाच्या जातीवर फोडतो. तत्पूर्वी त्यांची जाडी मोजून पाहणे योग्य ठरेल.

दर्जाचे आकडे

मापांच्या या गोंधळात दर्जाच्या आकड्यांनी भर घातली आहे. 'तीनशे तीन' व 'सातशे दहा' हे शब्द दुकानात जणू परिमाणे असल्याप्रमाणे उच्चारले जातात आणि मोठा आकडा म्हणजे अधिक मजबुती, असा समज आढळतो. वस्तुतः हे भारतीय मानकांचे केवळ अनुक्रमांक आहेत : आयएस ३०३ सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी, तर आयएस ७१० सागरी प्लायवूडसाठी. मोजण्याजोगी गोष्ट आहे ती पाण्यातील कसोटीची. १९८९ च्या आवृत्तीनुसार ओलावारोधक प्रकाराचे नमुने ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३ तास ठेवले जातात, उकळत्या पाण्याला तोंड देणाऱ्या बीडब्ल्यूआर प्रकाराचे ८ तास उकळले जातात, तर सागरी प्लायवूडला ७२ तासांच्या उकळणीस सामोरे जावे लागते. ही परीक्षा मुख्यतः पापुद्र्यांना जोडणाऱ्या राळेची होय. तिच्यावरून जाडी कळत नाही. म्हणूनच 'सातशे दहा' असा शिक्का असलेला तक्ताही जाडीने उणा असू शकतो.

दरपत्रकांची तुलना

समजा, एका पुरवठादाराने 'सहा सूत, ७१०' असा उल्लेख करून प्रति चौरस फूट १०० रुपये आणि दुसऱ्याने त्याच शब्दांत ९२ रुपये दर दिला. नियमाप्रमाणे समिती दुसरे दरपत्रक स्वीकारील. पहिल्याचा तक्ता १८ आणि दुसऱ्याचा १६ मिलिमीटर भरला, तर प्रति मिलिमीटर जाडीचा दर अनुक्रमे ५ रुपये ५६ पैसे आणि ५ रुपये ७५ पैसे पडतो. स्वस्त म्हणून निवडलेला माल महाग ठरला, शिवाय कमकुवतही. यास्तव मागणीपत्रात 'सूत' हा शब्द टाळून जाडी मिलिमीटरमध्ये, मान्य तफावतीसह लिहावी; मानकाचा क्रमांक, आवृत्तीचे वर्ष व प्रकार नमूद करावा; आणि माल उतरवून घेताना प्रत्येक तक्त्याच्या चारही कडांवर व्हर्निअर कॅलिपरने जाडी घेऊन ती नोंदवहीत लिहावी. हे उपकरण विज्ञान शाखा असलेल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत असतेच. खरेदी समितीच्या टेबलावर मात्र ते क्वचितच येते.