‘गोलपिठा’ : वाचक काय म्हणतात?

पुस्तक नुसते कपाटात ठेवून उपयोग नाही. त्यावर वाचकांनी बोलले पाहिजे, प्रसंगी भांडलेही पाहिजे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ साली प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षे उलटली, तरी आमच्या माढ्यात चार वाचक जमले की या पुस्तकावरून आजही दोन तट पडतात.

एका निवृत्त गुरुजींचे म्हणणे असे की, यातले निम्मे शब्द कळतच नाहीत. प्रतिमा एकीवर एक अशा आदळतात की धाप लागते. एका भगिनीचा आक्षेप निराळा आहे : “यातल्या शिव्या लेकीसुनांपुढे वाचायच्या कशा?” याउलट कॉलेजात शिकणारा एक तरुण म्हणतो, “कादंबरीसारखे एका रात्रीत वाचून काढले. मुंबईच्या पोटात आणखी एक मुंबई आहे, हे तेव्हा कळले.”

तिन्ही मते प्रामाणिक आहेत. गुरुजींनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. या संग्रहाला प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर हे नामवंत नाटककार. पण त्यांनाही अनेक शब्द अनोळखी होते. त्यांनी ते ढसाळांकडून समजावून घेतले. शब्द अवघड नव्हते. ते ज्या वस्तीतले होते, तिकडे पांढरपेशा साहित्याची वाट जात नव्हती, एवढेच.

ढसाळ मूळचे पुणे जिल्ह्यातील पूर-कनेरसरचे. बालपणीच ते मुंबईत आले, कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढले, पुढे टॅक्सी चालवली. त्यांच्या कवितेतले भयंकर नगर कल्पनेने रंगवलेले वाटते. परंतु त्यातली भूक, रोगराई आणि देहाचा बाजार त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. पुस्तक निघाले त्याच साली आपला सोलापूर जिल्हाही दुष्काळात होरपळत होता, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या पिढीला भूक म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

भगिनींचा प्रश्न मात्र रास्त आहे. हे पुस्तक लहान मुलांच्या हाती देण्याचे नव्हे. जाणत्या मुला-मुलींना ते द्यावे, आणि शिवी कोणाच्या तोंडी आहे, कोणत्या यातनेतून आली आहे, हे जवळ बसून सांगावे. अडलेला शब्द मुंबईत दिवस काढून आलेल्या वडीलधाऱ्यांना विचारावा. आपल्या वाचनालयात ‘गोलपिठा’ नसेल तर मागवून घ्या. आणि वाचून झाल्यावर आपले मत, मग ते विरोधी का असेना, चारचौघांत मांडा.