उबुंटू अपग्रेडनंतर वाय-फाय गायब?
ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे बरेचदा घडतं. तिचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी मशीनवरच पुन्हा तयार व्हावा लागतो. ते फसलं की वाय-फाय दिसतच नाही. घाईने फॉरमॅट मारू नका. रीस्टार्ट करून ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. वाय-फाय परतलं, तर चिप धडधाकट आहे. मग नव्या कर्नलमध्ये या, फोनवरून यूएसबी टेदरिंगने नेट घ्या आणि ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून ड्रायव्हर पुन्हा टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवावा लागतो. तो कागदावर लिहाच! रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो, आणि हा पडदा काही सेकंदांतच निघून जातो.